इटालियन आजोबा : स्मरण आणि स्मृतिरंजन

अमेरिकेतील इटालियन वंशाच्या लेखकांनी गेल्या काही दशकांत जे आत्मपर लेखन केले, त्यात आजोबांची व्यक्तिरेखा वारंवार भेटते. सिसिली, कालाब्रिया, बाझिलिकाता अशा दक्षिणेकडील एखाद्या प्रांतातून ऐन तारुण्यात आलेला, हातांना घट्टे पडलेला, मोजके बोलणारा हा माणूस असतो. घरामागच्या वीतभर जागेत त्याने टोमॅटो लावलेले असतात. तळघरात द्राक्षे चिरडून तो घरापुरती वाइन करतो. आणि अंगणात एक अंजिराचे झाड असते. न्यूयॉर्कचा हिवाळा या झाडाला सोसवत नाही, म्हणून आजोबा त्याच्या एका बाजूची मुळे मोकळी करून ते आडवे निजवतात, मातीने झाकतात, किंवा जुनी पोती आणि कापडे गुंडाळून त्याला उबेत ठेवतात. थंडी सरली की झाड पुन्हा उभे राहते. नातवंडांना आजोबांचे सारे प्रेम या झाडात साठवलेले दिसते.

या प्रेमाविषयी शंका घेण्याचे आम्हांला काही कारण नाही. व्यक्तिचित्रावर पोसलेल्या मराठी वाचकाला तर असे लेखन चटकन आपले वाटते. आमचा आक्षेप वेगळा आहे. नातवाच्या मायेने आजोबांचे जे चित्र रंगवले जाते, त्यात आजोबांचे झाड उरते, वाइन उरते, पावाचा वास उरतो; मात्र ज्या कायद्यांशी, मुकादमांशी आणि अपमानांशी त्यांची गाठ पडली ते सारे गळून जाते. स्मरणाचे स्मृतिरंजन होते ते असे. आणि हे स्मृतिरंजन वाटते तितके निरुपद्रवी नसते.

नावाची गोष्ट पाहा. ‘एलिस बेटावरच्या कारकुनाने आमच्या आजोबांचे आडनाव बदलले’ ही कथा असंख्य कुटुंबांत सांगितली जाते. १९७४ च्या ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात पोरक्या व्हितोला त्याच्या गावाचे नाव आडनाव म्हणून चिकटते, त्या प्रसंगाने तर ही कथा जगभर पोचवली. प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या नेपल्ससारख्या बंदरांत, जहाज सुटण्यापूर्वीच, जहाज कंपन्यांची माणसे तयार करीत. एलिस बेटावरचा निरीक्षक समोरच्या यादीशी माणूस ताडून पाही. नवे नाव बहाल करणे हे त्याचे काम नव्हते. त्याच्या दिमतीला दुभाषेही असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला ग्वार्दिया यांनी १९०७ ते १९१० या काळात तेथे दुभाष्याचे काम केले होते. मग नावे बदलली कुठे? कामावर, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जावर; आणि पुष्कळदा ती आजोबांनी स्वतःच बदलली. इटालियन नाव घेऊन काम मिळत नाही हे कळल्यावर घेतलेला तो निर्णय होता. अनामिक कारकुनाची कथा आजोबांना निष्पाप ठेवते खरी, पण त्यांच्याकडून तो निर्णयही काढून घेते, आणि ज्या समाजाने तो घ्यायला लावला त्यालाही मोकळे सोडते.

भाषा शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे दुसरी गोष्ट आम्हांला अधिक बोचते. हे आजोबा ज्याला आज प्रमाण इटालियन म्हणतात ती भाषा बहुधा बोलतच नव्हते. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले तेव्हा प्रमाण भाषा येणारे लोक, तुल्लिओ दे माउरो या भाषावैज्ञानिकाच्या अंदाजानुसार, शंभरात जेमतेम अडीच होते. आजोबांची बोली होती सिसिलीची, नेपल्सची, आपल्या खोऱ्याची. अमेरिकेत तिच्यात ‘जॉब’चे ‘जोब्बा’, ‘बॉस’चे ‘बोस्सो’ मिसळले. घरामागच्या संडासाला, ‘बॅक हाउस’वरून, ‘बाकाउसा’ हे नाव पडले. अशा मिश्र बोलीची दखल जोव्हान्नी पास्कोली यांनी १९०४ च्या ‘इटली’ या कवितेत घेतली होती. नातवंडे मात्र महाविद्यालयात प्रमाण इटालियन शिकतात आणि आजोबांचे शब्द कोशात सापडत नाहीत म्हणून ते अशुद्ध होते असे मानतात. ‘कापोकोल्लो’ या मांसाच्या प्रकाराला ‘गाबागूल’ म्हणणे हा आज दूरचित्रवाणी मालिकांतला विनोद झाला आहे. वास्तविक त्यात मृदू झालेली व्यंजने आणि गळलेला अंत्य स्वर ही दक्षिणेकडील बोलींची लक्षणे आहेत. एका बोलीचा अखेरचा श्वास आपण चूक म्हणून नोंदवावा, यासारखी कृतघ्नता नाही.

तिसरी गोष्ट याहून मोठी आहे. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे परत गेले, असे अभ्यासक मानतात. ते चार-दोन हंगाम राबून, पैसे साठवून गावी जमीन घ्यायला आलेले होते. काही परत जाऊ शकले नाहीत. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथे कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन, अधिकृत गणनेनुसार, ३६२ माणसे मेली. त्यांत इटालियन मोठ्या संख्येने होते. जे परतले आणि जे विशीत गाडले गेले, त्यांच्यावर लिहायला अमेरिकेत नातवंडे नाहीत. म्हणजे प्रेमळ आजोबांची ही सारी चित्रदालने टिकलेल्यांची आहेत. त्यांतून ‘कष्ट करणाऱ्याला या देशाने जवळ केले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या नावा मोजून समुद्र शांत होता असे म्हणण्यासारखे आहे.

येथवरचा दोष वाङ्मयीन आहे असे कुणी म्हणेल. परंतु या स्मृतिरंजनातून एक वाक्य निघते, आणि ते वाङ्मयात थांबत नाही : ‘माझे आजोबा कायद्याने आले, रांगेत उभे राहून आले, आजच्या लोकांनीही तसेच यावे.’ स्थलांतरितांच्या प्रत्येक वादात हे वाक्य आजोबांची शपथ घातल्यासारखे उच्चारले जाते. म्हणून ते तपासणे भाग आहे.

ज्या रांगेत आजोबा उभे होते ती काही तासांची होती. १९०७ या एका वर्षात इटलीतून २,८५,७३१ माणसे आली. त्यांना व्हिसा लागत नव्हता, त्यांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. एलिस बेटावरून परत पाठवलेल्यांचे प्रमाण शंभरात सुमारे दोन होते. आणि त्या रांगेतही सत्य बोलून चालत नसे. १८८५ च्या कायद्याने काम आधी ठरवून येण्यास मनाई होती; त्याच वेळी स्वतःचे पोट भरता येईल अशी खात्रीही पटवावी लागे. मुकादमाने काम ठरवून दिलेल्या माणसाने ‘काम ठरलेले नाही, पण मिळेल’ असेच सांगायचे असते, हे जहाजावरच शिकवले जाई. आजोबांनी तसे सांगितले असेल तर त्यात कमीपणा नाही; त्यांना रोटी हवी होती.

पुढे दार बंद होत गेले. १९१७ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील प्रत्येकाला वाचता आलेच पाहिजे अशी अट घातली. दक्षिण इटलीतील भूमिहीन शेतमजुरासाठी ती भिंतच होती. १९२१ मध्ये इटलीचा वार्षिक कोटा ४२,०५७ ठरला. १९२४ च्या कायद्याने तो ३,८४५ वर आणला आणि परदेशातील वकिलातीचा व्हिसा सक्तीचा केला. जेथे वर्षाला लाखो येत होते तेथे चार हजारांना वाव नाही, असे झाल्यावर माणसे थांबली काय? काही जहाजावरचे खलाशी बंदरात उतरून परतलेच नाहीत. काही कॅनडा, मेक्सिको, क्यूबा अशा वाटांनी आले. १९२९ मध्ये अमेरिकेने एक कायदा करून, १९२१ च्या जूनपूर्वी आलेल्या आणि प्रवेशाची नोंद नसलेल्या लोकांना वीस डॉलर शुल्क घेऊन कायम निवासी होण्याची वाट मोकळी केली. कागद नसलेल्या अनेक युरोपीय आजोबांना ‘कायदेशीर’ केले ते अशा उदारपणाने.

हा उदारपणा कुणाच्या वाट्याला आला नाही, हे आपण भारतीय वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. ज्यांना नागरिक होण्याचा अधिकारच नाही अशांना ही सवलत नव्हती; आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्याच वर्गात ढकलले होते. वाचनाची अट घालणाऱ्या १९१७ च्या कायद्यानेच भारतासह आशियाचा मोठा पट्टा निषिद्ध ठरवला होता. इटालियन शेतकरी उंबऱ्यावर अडखळला. आपल्याला उंबराच नव्हता.

आजोबांच्या देशनिष्ठेचीही गोष्ट पाहावी. दुसऱ्या महायुद्धात, नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांना ‘शत्रुदेशाचे परकीय’ म्हणून नोंदले गेले; छायाचित्र असलेली पुस्तिका जवळ बाळगावी लागे, घरात लघुलहरींचा रेडिओ किंवा कॅमेरा चालत नसे. बेसबॉलपटू जो दिमाजिओ १९४१ मध्ये देशाचा लाडका ठरला. त्याचे वडील जुझेप्पे मात्र कोळी असूनही १९४२ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या मासेमारी धक्क्यावर पाऊल ठेवू शकत नव्हते. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला इटालियनांवरचा हा शिक्का काढला गेला. परंतु घराघरांतून बोली नाहीशी व्हायला तेवढे महिने पुरेसे ठरले. आजोबा मितभाषी होते असे नातू कौतुकाने लिहितो. ते गप्प केले गेले होते, ही शक्यता त्याने निदान विचारात घ्यावी.

स्मरण असे करता येत नाही असे नाही. प्येत्रो दि दोनातो यांचे वडील १९२३ च्या गुड फ्रायडेला बांधकाम कोसळून मेले. १९३९ च्या ‘क्राइस्ट इन काँक्रीट’ या कादंबरीत त्यांनी ते मरण आणि त्यानंतर कुटुंबाने झिजवलेले उंबरे एकत्रच मांडले. लुईझ डी’साल्व्हो यांनी आजीच्या नागरिकत्वाच्या कागदावर रंग ‘गोरा’ आणि कांती ‘काळसर’ अशी परस्परविरोधी नोंद पाहिली आणि त्या दोन शब्दांवर एक निबंध उभारला. या लेखनात माया कमी नाही. उलट ज्या माणसावर माया आहे त्याचे सारे जगणे ठाऊक असावे, असा तिचा हट्ट आहे.

आता तर राज्यसंस्थाच आजोबांची आठवण काढू लागली आहे. रक्तसंबंधाने मिळणाऱ्या इटालियन नागरिकत्वाला पूर्वी पिढ्यांची मर्यादा नव्हती. २०२५ मध्ये इटलीने परदेशात जन्मलेल्या वंशजांसाठी ती घातली : आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणीतरी केवळ इटालियनच नागरिक असले, किंवा मृत्यूसमयी तसे असले, तर हक्क सांगता येतो. ज्या आजोबांनी पोटासाठी अमेरिकन नागरिकत्व पत्करले त्यांचा या हिशेबात उपयोग नाही. कायद्याला आजोबांचा एक कागद पुरतो. साहित्याने तरी एका झाडावर समाधान मानू नये.

१९६५ मध्ये अमेरिकेने देशवार कोटा रद्द केला. त्यासाठी झटणाऱ्यांत इटालियन वंशाचे लोकही होते. त्याच कायद्याने उघडलेल्या दारातून पुढे मराठी कुटुंबे तेथे गेली, आणि त्यांची नातवंडे आता लिहित्या वयाची होत आहेत. आजोबांविषयी ती प्रेमाने लिहितील, यात संशय नाही. आजोबांच्या हातच्या चहाबरोबर त्यांनी त्यांच्या व्हिसाची, भाड्याने घर नाकारणाऱ्या मालकाची आणि घरात हळूहळू कमी होत गेलेल्या मराठीची चौकशीही करावी. ती चौकशी आजोबा हयात असतानाच करता येते.