खापरी नळ आधी नकाशावर आणा



अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पाणी आणणाऱ्या जुन्या खापरी नळांचा विषय निघाला की निजामशाहीच्या वैभवाची उजळणी होते आणि विषय तिथेच संपतो. माझी मागणी वेगळी आहे. कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंनी नगरकडे आलेल्या नळांचे मार्ग मोजून ते विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवावेत आणि तोवर त्या पट्ट्यात तपासणीशिवाय खोदकाम होऊ देऊ नये. १४९० मध्ये भिंगारजवळच्या लढाईनंतर निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने राजधानीसाठी निवडलेला हा मुलूख कमी पावसाचा. म्हणून डोंगराकडच्या विहिरींचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून नुसत्या उतारावर शहरात आणले गेले. एका नळाचे तोंड दुसऱ्यात बसवलेले, सांधा चुन्याचा आणि मध्ये मध्ये उच्छ्वास. त्यांतून हवा निघे आणि गाळ काढायला माणूस उतरू शके. निजामशाहीच्या फराहबाग महालाचा तलावही अशाच नळाच्या पाण्याने भरत असे. किल्ल्याचा एखादा बुरूज ढासळला तरी बाकीचा किल्ला उभा राहतो. नळाचे तसे नाही. डोळ्याला जाणवणारही नाही असा उतार मैलभर सांभाळलेला असतो. जेसीबीने एका जागी घाव घातला की त्याखालचा सगळा नळ निकामी.

हे नळ जपून त्यांचे पाणी पुन्हा वापरण्यावर पहिला आक्षेप लोकसंख्येचा. तो खराच आहे; आजच्या शहराची तहान या नळांनी भागणार नाही आणि मुळा धरणाला पर्याय म्हणून मी ते सुचवतही नाही. पण मुळेचे पाणी विजेच्या पंपांनी उपसून आणावे लागते आणि वीज गेली की नळाला पाणी नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. बागा, झाडे, बांधकामे यांना तेच शुद्ध केलेले पाणी का घालावे? दुसरा आक्षेप सांडपाण्याचा: वस्तीतून जाणाऱ्या नळात घाण मुरते. म्हणून तर हे पाणी पिण्यासाठी नको, आणि कुठल्या कामासाठी चालेल ते तपासणीनेच ठरावे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बोअरवेलनी भूजलाची पातळी खाली नेली, मग नळात येणार काय? खापरी नळ जमिनीने आपणहून दिले तेवढेच पाणी घेई. बोअर तिच्या पोटातले ओढून काढते. म्हणूनच २००९ च्या भूजल अधिनियमाची अंमलबजावणी निदान उगमाच्या गावांत तरी काटेकोर हवी. तिथे पाणी मुरवले तर लाभ आधी त्याच गावांच्या विहिरींना होईल.

बुऱ्हाणपूरची १६१५ ची ‘कुंडी भंडारा’ ही भूमिगत जलव्यवस्था आजही वाहते. इराणच्या ११ कनातींना (भूमिगत जलवाहिन्यांना) २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. आपल्याकडे अडचण हद्दीची आहे: उगम ग्रामपंचायतीत, वाट शेतांतून, पुढे लष्कराची जमीन, छावणी परिषद आणि महापालिका. त्यामुळे जबाबदारी कोणाचीच नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी या सर्वांना एकत्र बसवून पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका, म्हणजे कापूरवाडीच्या, नळाची मोजणी करून घ्यावी.

– एक वाचक, भिंगार