परदेशी जाणाऱ्यांचा पात्रविचार

वैद्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न रोगाचाच असतो असे नाही. कन्हानकाठच्या आमच्या खाप्यासारख्या लहान गावातूनही आता मुले-मुली शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांत जातात. जाण्यापूर्वी आई-वडील प्रवासातील औषधांची विचारणा करावयास येतात आणि निघता निघता हमखास विचारतात, “वैद्यबुवा, लेकीसोबत भांडी कोणती द्यावीत?” हा प्रश्न भांड्यांच्या दुकानदाराचा आहे असे समजून आपल्यापैकी अनेकजण तो हसण्यावारी नेतात. आमच्या मते तो आपलाच प्रश्न आहे, आणि त्याचे विचारपूर्वक उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. ‘आपली पारंपरिक भांडी सारीच उत्तम, जमतील तेवढी न्या’ हे पहिले. ‘तिकडे सर्व काही मिळते, उगाच ओझे नेऊ नका’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे विचाराचे श्रम वाचविणारी आहेत. शास्त्राची भूमिका यांपैकी कोणतीच नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. त्यांतील ‘करण’ म्हणजे द्रव्यावर होणारा संस्कार. जल, अग्नी, मंथन, काल यांच्या जोडीने आचार्यांनी भाजनाची, म्हणजे पात्राचीही गणना या संस्कारातच केली आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात तूप लोखंडी पात्रात, पेया चांदीच्या पात्रात, फळे पानांवर, आंबट पदार्थ दगडी पात्रात आणि पाणी व पानके मातीच्या पात्रात द्यावीत असा तपशीलवार विचार मांडला आहे. काशाच्या पात्रात दहा दिवस राहिलेले तूप वर्ज्य, हा अष्टांगहृदयातील निर्देश तर आपणा सर्वांस पाठ आहे. या सर्वांचे तात्पर्य एकच. कोणताही धातू सर्वस्वी चांगला वा सर्वस्वी वाईट नसतो. त्यात काय ठेवले, किती वेळ ठेवले आणि कोणासाठी ठेवले, यावर त्याचे हिताहित ठरते.

येथे एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. चांगले तापवून थंड केलेले दूध ताम्रपात्रात द्यावे, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. मग घरच्या पितळी पातेल्यात बाळाचे दूध तापविले तर बिघडले कोठे? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले आहे. लहान मुलांना ग्रासणारा आणि बहुधा प्राणघातक ठरणारा एक यकृद्विकार पूर्वी आपल्याकडे बराच आढळत असे. आधुनिक वैद्यकात तो ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा पाठपुरावा केला. पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले जनावराचे दूध बाळाला फार लवकर सुरू करण्याशी या विकाराचा संबंध असावा, असा निष्कर्ष १९८३ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, त्यामुळे अशा भांड्यातील दुधात पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक तांबे उतरते, हेही पुढे दाखविण्यात आले. विकाराच्या कारणांत आनुवंशिकतेचीही चर्चा झाली. तथापि बाळाच्या दुधासाठी ही भांडी वापरण्याची रीत मागे पडली आणि हा विकारही दुर्मीळ झाला.

यात शास्त्राचा अधिक्षेप नाही. सुश्रुतांचा संदर्भ जेवणाच्या वेळी वाढण्याचा आहे. सहा महिन्यांच्या बाळाचे दूध दिवसभर पितळेत ठेवण्याचा नाही. काल आणि उपयोक्ता बदलला की निर्णय बदलतो, हे चरकांनीच सांगून ठेवले आहे. आंबट ताक पितळेत कळकते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. म्हणूनच तिच्या काळी कल्हईवाला दारोदार फिरत असे. परदेशातील गावात कल्हईवाला कोठून मिळणार? भंडाऱ्याची पितळी भांडी आपल्या विदर्भाचे भूषण होत, याविषयी दुमत नाही. परंतु कल्हई उडाल्यावर ती पुन्हा करून घेण्याची सोय जेथे नाही, तेथे स्वयंपाकासाठी पितळ नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजीची आठवण म्हणून पूजेचा तांब्या वा एखादे निरांजन अवश्य न्यावे. वरण-कढीसाठी मात्र पातेले नेऊ नये.

दुसरा विषय याहूनही गंभीर आहे. तो शिशाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात भांड्यांविषयी एक इशारा प्रसिद्ध केला. ॲल्युमिनियम, पितळ आणि आपल्याकडे ‘हिंडालियम’ म्हणून घरोघरी परिचित असलेला मिश्रधातू यांच्या काही भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असे त्यात म्हटले आहे. अशी भांडी वापरू नयेत, कोणास दानही देऊ नयेत, टाकून द्यावीत, असा सल्ला त्यासोबत दिला आहे. त्यापूर्वी वॉशिंग्टन राज्यात अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक आढळले, तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या ॲल्युमिनियमच्या कुकर-पातेल्यांपर्यंत तपास पोहोचला. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यात कोणता धातू किती आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. स्वस्त कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असले तरी तेही दिसत नाही.

ही बाब आपल्या व्यवसायाशी कशी निगडित आहे, ते आता पाहू. २००४ साली डॉ. रॉबर्ट सॅपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन परिसरातील दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादने घेऊन तपासली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर भारत सरकारने निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची केली. तेव्हापासून परदेशातील भारतीय कुटुंबाच्या मुलाच्या रक्तात शिसे आढळले की तेथील डॉक्टर हमखास विचारतात, “आयुर्वेदिक औषध घेता काय?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचा राग मानण्याचे कारण नाही. औषध सदोष असेल तर ते सदोषच म्हटले पाहिजे. परंतु ज्या घरात औषधाची एक गोळीही गेलेली नाही, तेथेही रोजचे वरण सदोष कुकरात शिजत असू शकते. भांड्याचा दोष औषधाच्या माथी बसणे हा शास्त्रावर अन्याय आहे; आणि औषधाकडे बोट दाखवून भांडे तसेच चुलीवर राहणे हा त्या मुलावर त्याहून मोठा अन्याय आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी २०२१ मध्ये दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. यापेक्षा कमी शिसे निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मग न्यावे काय? आमचे उत्तर पुढीलप्रमाणे आहे.

सर्वप्रथम लोखंडी तवा व एक लोखंडी कढई. पांडुरोगाच्या प्रदेशातून आलेल्या आपल्या स्त्रियांना लोखंडी कढईतील भाजी हितकर आहे. भाजी शिजताच ती स्टीलच्या भांड्यात काढून घ्यावी. कढी वा चिंचेचे सार मात्र त्यात करू नये. लोखंड भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. त्याचा तेलकट थर जाऊन गंज चढतो. दुसरे, चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा कुकर, दोन जादा रबरी रिंगा व एक जादा सुरक्षा झडप यांसह. तिसरे, मिसळणाचा डबा. चौथे, लहान लोखंडी किंवा दगडी खलबत्ता. सुंठ, मिरे, पिंपळी ताजी कुटून घेता येणे हे निम्म्या घरगुती उपचारांचे मूळ आहे. पाचवे, पोळपाट-लाटणे. एवढ्या वस्तूंनी घर उभे राहते.

वस्तू निवडताना तेथील अग्नीचाही विचार करावा. देशविचार तो हाच. अनेक घरांत गॅसऐवजी विजेची शेगडी असते. इंडक्शन शेगडीवर तांबे, पितळ व ॲल्युमिनियमची साधी भांडी तापतच नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालेल, ही घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा सर्वांना सांगावी. बूड सपाटही हवे. गोल बुडाची कढई तेथे डुगडुगते. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असल्याने आपला २३० व्होल्टचा मिक्सर तेथे निरुपयोगी ठरतो. इंग्लंड, जर्मनी वा ऑस्ट्रेलियात तो चालू शकतो. ऑस्ट्रेलियास जाणाऱ्यांनी लाकडी पोळपाट, लाटणे व रवी यांची नोंद प्रवेशपत्रावर न चुकता करावी. विळी-चाकू विमानात हाती ठेवता येत नाहीत. एका बॅगेस बहुधा २३ किलोंचीच मुभा असते, तेव्हा पाटा-वरवंट्याचा मोह आवरावा. लांब पोळीचे मडके तर येथेच राहू द्यावे. सुटीत परतण्यास तेवढे एक निमित्त राहील.

तांब्याच्या बाटलीविषयी औषधी विक्रेत्या बंधूंशी थोडे मोकळेपणाने बोलणे आवश्यक वाटते, कारण ती आज आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात विक्रीस आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जिवाणू नष्ट होतात, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आतच राहते. परंपरेला मिळालेला हा आधार मोलाचा आहे. परंतु तो साध्या पाण्यापुरताच आहे. त्याच बाटलीत लिंबूपाणी, ताक वा फळांचा रस भरून मूल शाळेत जाऊ लागले, तर आपण विकलेली वस्तूच अपथ्य ठरेल. बाटलीसोबत ‘केवळ साधे पाणी’ अशी सूचना मराठीत लिहून देण्यास खर्च तो किती येणार?

आमच्या सूचना तीनच आहेत. एक, परदेशी जाणाऱ्या कुटुंबास औषधांच्या यादीसोबत भांड्यांचीही लेखी चिठ्ठी द्यावी. दोन, धातूची खात्री नसलेली भांडी, मग ती कितीही पारंपरिक दिसोत, औषधी दुकानांतून विकू नयेत आणि उत्पादकाकडे घटकांची लेखी माहिती मागावी. तीन, मुलात सतत पोटदुखी, मलावरोध, फिकटपणा वा चिडचिड आढळल्यास आहाराबरोबर पात्राचाही इतिहास विचारावा आणि शंका येताच रक्तातील शिशाची तपासणी करण्यास सांगावे. परदेशातून दूरध्वनीवर सल्ला मागणाऱ्यांनाही हाच नियम लावावा.

आहाराचा विचार करताना पात्र वगळू नये, ही दृष्टी आचार्यांनी आपल्याला दिली. ती दृष्टी केवळ प्रकरणाच्या पाठांतरात राहिली तर तिचा उपयोग नाही. पुढच्या वेळी एखादी माता लेकीच्या भांड्यांविषयी विचारील, तेव्हा तिला बसवून घ्यावे आणि शेगडी कोणती, पाणी कसे, घरात तान्हे मूल आहे काय, हे आधी विचारावे. उत्तर त्यानंतर द्यावे.