किंमत घेतानाच ठरते

विठ्ठलवाडीत जुन्या वस्तूंचा छोटा गाळा टाकायचा बेत एका मित्राने केला आहे. तांब्याचे हंडे, पितळी पानदाने, चावीची घड्याळे असा माल. त्याचा प्रश्न एकच: किमती कशा लावायच्या?

माझे मत असे की, या धंद्यातला खरा भाव विकताना नव्हे, तर वस्तू घेताना ठरतो. गाळ्यावर येणारा शौकीन चार दुकाने फिरलेला असतो, मुंबईचा चोरबाजार त्याने पालथा घातलेला असतो. तो घासाघीस करून स्वतःला सांभाळतो. सांभाळता येत नाही ते विकणाऱ्याला. इमारत पाडायला निघाली, नवे घर लहान, म्हणून एखादी म्हातारी आपल्या लग्नातले पानदान काढते. भंगारवाला ते किलोवर मोजतो. आपणही तेच केले आणि गाळ्यावर दहापट भाव लावला, तर कमाई कशाची झाली?

पैगंबरांनी (स.) बाजाराकडे येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठून माल घ्यायला मनाई केली होती. बाजारभाव कळण्याआधी केलेला असा सौदा मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला. आजचा काफिला म्हणजे ती म्हातारी. तिच्यापर्यंत बाजारभाव आपणच पोहोचवायचा.

समजा, मोडीत पानदानाचे १,५०० रुपये येतात आणि गाळ्यावर ५,००० येतील असा अंदाज आहे. दोन्ही आकडे तिला सांगावेत. वाहतूक, कलई, भाडे आणि महिनोन्महिने अडकणारे पैसे धरून ३,००० द्यावेत. उरतो तो आपल्या जाणकारीचा मोबदला, आणि तो हलाल आहे. दुसऱ्याच्या अज्ञानावरचा नफा मात्र मला तसा वाटत नाही.

गिऱ्हाईकालाही डाग दिलेली जागा, बदललेली कडी आधी दाखवावी. "शंभर वर्षांपूर्वीचे आहे" हे या धंद्यातले लाडके वाक्य. ते खोटे असेल तर फसवणूक. खरे असेल, तर १९७२ च्या पुरावशेषांच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा कलाकुसरीच्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर ७५ वर्षेच पुरतात. कुणाच्या घरातली जुनी उर्दू पोथी उचलण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

"मग धंदा कसा व्हायचा?" मित्र विचारतो. सावकाश होईल. पण ज्या घरातून पानदान रास्त भावाने नेले, त्याच्या शेजारचे घरही उद्या त्यालाच हाक मारेल.