दगडूचा स्वभाव कोण ठरवते?

बाळासाठी नाव सुचवणाऱ्या पुस्तकांत आणि अ‍ॅपमध्ये 'द' अक्षराखाली दक्ष, दर्शन, देवेश अशी नावे असतात. प्रत्येकापुढे अर्थ आणि अर्थापुढे स्वभाव: शांत, महत्त्वाकांक्षी, नेतृत्वगुण असलेला. दगडू तिथे नसतो. तुमच्यापैकी अनेकांच्या पदवी प्रमाणपत्रावर मात्र तो आहे, अगदी मधोमध, कारण मराठी रीतीत वडिलांचे नाव मुलाच्या नावात कायमचे बसवलेले असते. दगडू नसेल तर कचरू, केरबा किंवा भिकाजी असेल.

या नावांविषयी आपल्या चळवळीत एक उत्तर तयार असते: ती मनूने लादली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तसे खरेच आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल सुचवणारे, क्षत्रियाचे बळ, वैश्याचे धन आणि शूद्राचे मात्र किळस वाटावी असे. व्याख्यानात हे सांगितले की टाळ्या पडतात. पण दगडूपुरते हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण दगडाची नावे ब्राह्मणांनीही ठेवली. 1958 साली भारतरत्न मिळालेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो. 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. धोंडा म्हणजे दगडच की.

ही नावे आली भीतीतून. लागोपाठ मुले दगावली की पुढच्याला असे नाव द्यायचे, की मृत्यूला, दृष्टीला, सटवाईला त्याचा मोह होऊ नये. कुठे तान्ह्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणत. मग त्याचे नाव कचरू. दगडात आणखी एक आशा होती, दगड टिकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी सुमारे एक वर्षाचे होण्याआधीच जात होते. त्या काळात दगडू हे नाव म्हणजे आईने पदर पसरून मागितलेले आयुष्य होते. तमिळमध्ये याच जातकुळीचे 'पिचै' हे नाव आहे, अर्थ भिक्षा. गूगलच्या प्रमुखांच्या नावात ते आहे आणि ते ऐकून कुणाला भीक आठवत नाही.

मग जात शिरली कुठून? शब्दातून नव्हे, शब्दाच्या शेपटातून. धोंडोला 'पंत' लागला. पुण्यातल्या मिठाईच्या व्यापाऱ्याला 'शेठ' लागला. प्लेगमध्ये मुलगा गेल्यावर त्यांनी बसवलेला गणपती आज दगडूशेठ म्हणूनच ओळखला जातो आणि ते नाव घेताना कुणालाही दगड दिसत नाही. महारवाड्यातला दगडू मात्र 'दगड्या' झाला. सत्तरीच्या म्हाताऱ्याला पाटलाचे शेंबडे पोर 'ए दगड्या' म्हणून हाक मारी आणि म्हाताऱ्याने 'जी' म्हणून उभे राहायचे. मनूचा पुढचा श्लोक इथे कामाला येतो. नावाला जोड कोणती असावी, हेही त्याने वर्णानुसार ठरवून दिले आहे. शूद्राच्या नावातून सेवा दिसली पाहिजे. हा श्लोक व्याख्यानांत फारसा येत नाही. मला तो पहिल्यापेक्षा अधिक कामाचा वाटतो.

स्वभाव चिकटला तो या हाकेतून. ज्याला जन्मभर 'ड्या' लावून बोलावले तो ठोंब्या, आडदांड, अक्कल कमी, असे धरूनच चालायचे. 2014 च्या 'टाइमपास' चित्रपटातला नायक टपोरी, म्हणून तो दगडू परब. नायिका प्राजक्ता लेले. सिनेमा मजेदार आहे, मी दोनदा पाहिला. पण दोन नावे कानावर पडताच कोण कुठल्या घरातला हे थिएटरातल्या प्रत्येकाला कळले होते, ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 च्या 'बलुतं'मध्ये शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि मागे राहिलेला दगडू असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. पहिल्या पिढीच्या पदवीधराने ते पुस्तक साहित्य म्हणून वाचावेच, पण नावाचा अभ्यास म्हणूनही वाचावे. नवे नाव घेतल्याने जुने गप्प बसत नाही.

बाबासाहेब स्वतः चौदावे अपत्य. त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी यशवंत तेवढे जगले. घरात मुले जात असताना जुन्या रीतीने शेवटच्याचे नाव दगडू-धोंडू ठेवायला पुरेपूर कारण होते. त्यांनी राजरत्न ठेवले. 1926 मध्ये तोही गेला. पुढे 1956 नंतर वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद आले. त्या नावांनी मरणाची भीती आणि 'ड्या', दोन्ही एकदमच नाकारले.

माझ्या वडिलांचे नाव दगडू. मी महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठात पीएच.डी. करतो. इथल्या बंगाली, मल्याळी सहकाऱ्यांना हे नाव म्हणजे नुसता आवाज. एकीला तर ते भारदस्त वाटले. हसला तो एकटा मराठी गडी, आणि त्यानेच इतरांना अर्थ समजावून सांगितला. त्याच्या पणजोबांचे नाव धोंडो असले तर मला नवल वाटणार नाही.

ओळखीतल्या अनेकांनी वडिलांच्या नावाचा 'डी.' केला आहे. मी त्यांना दोष देत नाही. मुलाखतीच्या खोलीत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. स्वतःचे नाव ज्याला बदलायचे त्याने राजपत्रात देऊन खुशाल बदलावे. पण मधले नाव आपले नसतेच, ते बापाचे असते. मी बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आजीची दोन पोरं माझ्या आधी गेली. मी राहिलो. नाव लागू पडलं म्हणायचं."

पदवीदान समारंभाच्या पत्रिकेत कुलगुरूंच्या नावाआधी चार-चार उपाध्या छापतात. तिथे मंचावरून नावे पुकारणाऱ्यांनी आमची मधली नावे गिळू नयेत, पूर्ण वाचावीत. आणि पालकांना 'श्री.' लावायची पद्धत असेल, तर तो दगडूलाही लावावा.