काहीच घडलं नाही

हेळवाक मागे पडलं आणि कुंभार्ली घाटाच्या तोंडाशीच धुक्यानं आम्हाला गाठलं. जुलै महिना, संध्याकाळचे साडेसहा. शेजारी आई, तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी. वायपर जिवाच्या आकांतानं फिरत होते, पण दिसत होतं ते फक्त बॉनेट. आई म्हणाली, "थांबूया का गं?" थांबायचं तरी कुठं? मागून येणाऱ्याला आम्ही दिसणार नव्हतोच.

तेवढ्यात पुढं दोन लाल ठिपके दिसले. दहाचाकी ट्रक, ताडपत्री रस्सीनं करकचून बांधलेली, एका लयीत घुमत सावकाश उतरत होता. एरवी मी हॉर्न वाजवून हैराण केलं असतं. त्या दिवशी मुकाट त्याच्या मागं लागले. वळण आलं की त्याच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. पंजा खालीवर हलला की हळू. पंजा नुसता उघडा राहिला की थांब, खालून कुणीतरी येतंय. एकदा थांबलो आणि खरोखरच धुक्यातून एसटी वर आली, आमच्या आरशाला हात लावल्यासारखी निघून गेली. आई पुटपुटली, "देव बसलाय गं त्या गाडीत."

घाट संपल्यावर पोफळीजवळ एका टपरीपाशी ट्रक थांबला. मीही थांबले. देव खाली उतरला. साठीकडं झुकलेला, गळ्यात टॉवेल, पायात झिजलेल्या चपला. "मामा, चहा घ्या," म्हटलं, तर हातानंच ‘थांबा’ केलं. तीच खूण. आधी त्यानं गाडीला फेरी मारली. प्रत्येक चाकापाशी वाकून पालथा हात ब्रेकच्या ड्रमजवळ नेला, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळाशी नेते. मग किन्नरकडून लोखंडी पहार घेऊन एकेका टायरवर ठोकत गेला. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरचा आवाज बद्द आला. किन्नरला म्हणाला, "हवा बघून घे," आणि मग कुठं चहाचा ग्लास हातात घेतला.

"सोळा टन साखर हाय, ताई. घाट गिअरवर उतरायचा असतो, ब्रेकवर न्हाई. ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठिवून बसला, की लायनर तापले. मग किती बी दाबा, गाडी ऐकत न्हाई."

चाळीस वर्षांचं शहाणपण त्यानं चार वाक्यांत सांगून टाकलं आणि बिस्कीट चहात बुडवलं.

त्याच्याकडं बघताना मला प्रश्न पडला, या माणसाचा सत्कार कशासाठी करायचा? धाडसाचं एक बरं असतं, ते दिसतं. जळत्या गाडीतून कुणाला ओढून काढलं, अपघातातल्या जखमीला दवाखान्यात पोचवलं, की बातमी होते. अमेरिकेत गुडइयर या टायर कंपनीनं १९८३ साली अशा ट्रकचालकांना ‘हायवे हीरो’ म्हणून गौरवायला सुरुवात केली. आपल्याकडंही जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला केंद्र सरकार २०२१ पासून पाच हजार रुपये देऊ लागलं. आता ‘राह-वीर’ या नावानं ती रक्कम पंचवीस हजार झाली आहे. चांगलंच आहे. पण ही सगळी बक्षिसं अपघात झाल्यानंतरची. जो अपघात होऊ दिला नाही, त्याचं काय?

याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे, आणि ते एसटीकडं आहे. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्या चालकांचा एसटी सत्कार करते. मला हा सत्कार फार आवडतो. कारण तो न घडलेल्या गोष्टीचा आहे. पंचवीस वर्षं कुणी दगावलं नाही, कुणाचा हात मोडला नाही, म्हणून हा हार. पण एसटीच्या चालकाची नोंद ठेवायला डेपो असतो. ट्रकवाल्याचं खातं कोण ठेवणार? आज या मालकाची गाडी, दिवाळीनंतर त्या मालकाची. त्याच्या निर्धोक वर्षांची बेरीज कुठल्याच वहीत होत नाही. वहीत चढतं ते फक्त चलन.

उलट चुकीच्या गोष्टीला मात्र रोख बक्षीस आहे. मी विचारलं, "मग बाकीचे न्यूट्रलवर का उतरतात?" मामा हसले. "काही मालक फेरीचं डिझेल मोजून देत्यात. वाचलं ते डायवरचं. उतार म्हंजे फुकटची वाट." या फुकटच्या वाटेची किंमत पुण्यानं मोजली आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकरल्या. उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढं आलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणंही बंद. वाचलेलं डिझेल ते किती, आणि काय भावाला पडलं!

दुसरा प्रश्न मी जरा चाचरत विचारला. अपघात झाला की ट्रकवाले पळून का जातात? मामांनी ग्लास खाली ठेवला.

"एकदा थांबलो हुतो, ताई. मोटारसायकलवालं पोरगं पडलं हुतं, माझी गाडी लागलीबी नव्हती. केबिनमधी घालून दवाखान्यात न्हेलं. पोरगं वाचलं. मला संध्याकाळपर्यंत बसवून ठिवलं, पुन्हापुन्हा तेच इचारत हुते. माल उशिरा पोचला, मालकानं फेरीचे पैसे कापले." थोडं थांबून म्हणाले, "तरी मी म्हंतो, थांबावं. पर गर्दी बघितली का पाय थांबत न्हाईत. लोक आधी मारत्यात, मग बगत्यात चूक कुणाची."

मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्येच मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तसं कलमही आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती नाही. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो जानेवारी २०२४ चा संप. अपघाताची खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद नव्या फौजदारी कायद्यात आली आणि चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंपाशी टँकर थांबले, गावोगावी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढं कायदा लागू झाला तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. पळून जाणाऱ्यामुळं रस्त्यात तडफडणारा माणूस खरा आहे, आणि थांबणाऱ्याला वाटणारी जमावाची धास्तीही खरी आहे. शिक्षेचं कलम सगळ्या ट्रकवाल्यांच्या कानावर गेलं. संरक्षणाचं कलम कुणी त्यांच्यापर्यंत नेलंच नाही.

चहाचे पैसे मामांनी मला देऊ दिले नाहीत. आईनं बरणी उघडून वर्तमानपत्राच्या कागदात लोणचं बांधून दिलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. ट्रक निघाला तेव्हा दारावर रंगवलेलं मालकाचं नाव आणि फोन नंबर मी टिपून घेतला. म्हटलं, सत्कार आपल्या हातात नाही, निदान दोन चांगले शब्द तरी मालकाच्या कानावर घालू.

दुसऱ्या दिवशी चिपळूणहून फोन लावला. गाडीचा नंबर सांगताच पलीकडचा आवाज चढला. "कुठं ठोकली?"

"ठोकली नाही हो."

"मग घासली असंल. तुमची गाडी कंची? फोटो पाठवा."

"नाही, नाही. घाटात धुकं होतं. त्यांनी फार जपून गाडी उतरवली. आम्ही त्यांच्या मागं होतो. काहीच झालं नाही."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो माणूस खरोखरच न कळून म्हणाला, "काहीच झालं न्हाई, तर मग फोन कशाला केला, मॅडम?"

"तेवढंच सांगायला," मी म्हटलं.