स्टेडियमचा हिशोब मोहल्ल्याने मागावा



एखाद्या वस्तीत स्टेडियम बांधायचे ठरले की सर्वांत आधी दुकानदारांना खूश केले जाते. गर्दी येईल, धंदा वाढेल, जागेचे भाव चढतील, ही तीन वाक्ये पुढाऱ्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतात. वस्तीतल्या लोकांनी हरकत घेतली की त्यांच्यावर विकासाचे विरोधक, खेळाचे दुश्मन असा शिक्का बसतो. मग व्यापारी संघटनेकडे पाठिंब्याचे पत्र मागितले जाते. हे पत्र देण्यापूर्वी आपण आपल्या पद्धतीने जमाखर्च मांडून पाहावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

या बाबतीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे उदाहरण प्रत्येक दुकानदाराने ऐकण्यासारखे आहे. तेथे चायनाटाउन नावाचा चिनी लोकांचा जुना मोहल्ला आहे. लहान दुकाने, खानावळी, किराणा, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड, अशी ती वस्ती. सन 2000 मध्ये तिच्या शेजारी बेसबॉलचे स्टेडियम आणण्याचा बेत निघाला, तो लोकांनी त्याच वर्षी हाणून पाडला. पुढे जुगारखान्याचा बेत आला, त्यालाही त्यांनी विरोध केला. जुलै 2022 मध्ये बास्केटबॉलच्या एका बड्या संघाने मोहल्ल्याच्या अगदी कडेला 18,500 आसनांचा आखाडा बांधण्याची घोषणा केली. खर्च 130 कोटी डॉलर. लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. दुकानदारांनी काचांवर विरोधाचे फलक लावले.

लक्षात घ्या, दुसरी बाजूही अगदीच पोकळ नव्हती. बांधकाम मजुरांच्या संघटनांना काम हवे होते, म्हणून त्या प्रकल्पाच्या बाजूने होत्या. शेजारचा मुख्य बाजार ओस पडत चालला होता, त्याला जीव यावा असे महापौरांना वाटत होते. डिसेंबर 2024 मध्ये नगरपरिषदेने 12 विरुद्ध 5 मतांनी प्रकल्प मंजूरही केला. आणि महिना उलटायच्या आत, जानेवारी 2025 मध्ये, संघाच्या मालकांनी स्वतःच तो बेत सोडून दिला. त्यांचा दुसऱ्या कंपनीशी सौदा जमला आणि ते आहे त्याच भागात, शहराच्या दक्षिण टोकाला, राहणार असे जाहीर झाले. अडीच वर्षे मोहल्ला झोपला नाही, दुकानदारांनी नवी गुंतवणूक थांबवली, शहरात भाऊबंदकी माजली, आणि मालकांनी एका दिवसात वही मिटवली. ज्यांच्या शब्दावर आपण पाठिंब्याचे पत्र देतो त्यांची बांधिलकी किती दिवसांची असते, हे यावरून दिसते.

चायनाटाउनचे लोक इतके का घाबरले होते? त्यांच्यासमोर वॉशिंग्टनचा दाखला होता. तेथील चायनाटाउनमध्ये 1997 साली असाच मोठा आखाडा सुरू झाला. परिसर चकाचक झाला, मोठ्या कंपन्यांची दुकाने आली, भाडी वाढली, आणि ज्यांच्या नावाने तो मोहल्ला ओळखला जातो ते चिनी कुटुंबे व त्यांची दुकाने हळूहळू हटत गेली. कमान उभी आहे, पाट्यांवर चिनी अक्षरे आहेत, पण जुने दुकानदार मोजकेच उरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जागेचा भाव चढणे ही बातमी सर्व दुकानदारांसाठी सारखी नसते. ज्याचे दुकान स्वतःच्या मालकीचे आहे त्याला ती गोड लागते. जो भाड्याने बसला आहे त्याला तीच बातमी पुढच्या कराराच्या वेळी कडू होते. मालकालाही ती विकून निघून जाण्याच्या दिवशीच कामाची. रोज शटर उघडून धंदा करणाऱ्याला वाढलेल्या भावातून घरपट्टी तेवढी वाढून मिळते. आपल्या संघटनांचे पदाधिकारी बहुधा मालक असतात आणि सभासदांत भाडेकरू पुष्कळ. म्हणून पाठिंब्याचे पत्र कोणाच्या नावाने जाते, हेही पाहायला हवे.

आता गर्दीचा विचार करू. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक, हा समज आपल्या धंद्यात फार जुना आहे. पण कापडाच्या दुकानात बसलेला माणूस जाणतो की प्रत्येक गर्दी खरेदीला येत नसते. आमचे गिऱ्हाईक सवडीने येते. घरच्या चार बायका, एखादी म्हातारी, लेकरे, असा काफिला गादीवर टेकतो. दहा थान उलगडले जातात, पाणी येते, चहा येतो, भावताव होतो, तेव्हा कुठे दोन साड्या आणि एक पॅन्टपीस फाटतो. आमच्या कोरपना-गडचांदूर भागात हे गिऱ्हाईक कापसाचे चुकारे हातात आल्यावर, सिमेंट कारखान्यांच्या पगाराच्या दिवसांत आणि लग्नसराईत येते. ज्या संध्याकाळी रस्ता बंद आहे, मोटारसायकल लावायला जागा नाही, भोंगे वाजत आहेत, त्या संध्याकाळी हे कुटुंब घरीच थांबते, नाहीतर सरळ वणी किंवा चंद्रपूर गाठते. सामन्याला आलेला माणूस पाण्याची बाटली, वडा, पानसुपारी घेतो. चहावाल्याचा, फळवाल्याचा फायदा होतो हे खरे, आणि तो गरीब माणूस असल्याने त्याचा फायदा मोजलाच पाहिजे. पण स्टेडियमच्या कुंपणाआत विक्रीचा ठेका दिला गेला की बाहेरच्या हातगाडीला पहिल्यांदा हाकलतात, हाही अनुभव जागोजागचा आहे.

अर्थशास्त्राचे जाणकार हेच वेगळ्या भाषेत सांगतात. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी 1997 साली संपादित केलेल्या ग्रंथात अनेक शहरांच्या स्टेडियमांचा हिशोब तपासला गेला. सरकारी पैसा ओतून बांधलेल्या स्टेडियममधून शहराला तो पैसा परत मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण साधे आहे. कुटुंबाचा करमणुकीचा खर्च ठरलेला असतो. तिकिटावर गेलेला पैसा हॉटेलातून, सिनेमातून, बाजारातून कमी होतो. खिसा तोच, फक्त पैसा एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. नागपूरचे सिव्हिल लाइन्सचे क्रिकेट मैदान भर शहरात. 1969 पासून तेथे कसोटी सामने झाले. नोव्हेंबर 1995 मध्ये भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी तेथील भिंत कोसळली आणि सामना पाहायला गेलेली माणसे जिवानिशी गेली. दाटीच्या जागी हजारो लोक कोंबले की काय होते, ते विदर्भाने पाहिले आहे. पुढे विदर्भ क्रिकेट संघटनेने वर्धा रोडवर जामठा येथे, शहराबाहेर, मोठे स्टेडियम बांधले आणि 2008 पासून मोठे सामने तेथे गेले. सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते, लोक कुरकुर करतात, पण कुणाच्या दारापुढे ती रांग उभी राहत नाही.

मग सर्वच क्रीडांगणे गावाबाहेर न्यावीत काय? नाही. याचे उत्तर नवी मुंबईच्या प्रकरणात आहे. तेथे घणसोलीतील 20 एकर जागा 2003 मध्ये शासकीय क्रीडासंकुलासाठी ठेवण्यात आली होती. वर्षे गेली, संकुल झाले नाही. नंतर जागेचा काही भाग खासगी विकासकाकडे गेला आणि 2021 मध्ये शासनाने संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात हलवण्याचे ठरवले. अंतर सुमारे 115 किलोमीटर! वास्तुविशारदांची संस्था न्यायालयात गेली आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अपिलाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच प्रश्न विचारला की नवी मुंबईची मुले खेळायला एवढ्या लांब जाणार कशी.

फिलाडेल्फियात लोक स्टेडियम नको म्हणून भांडले, नवी मुंबईत लोक क्रीडासंकुल हवे म्हणून भांडले. वरवर पाहता हे उलटे वाटेल, पण दोन्हीकडे मागणी एकच आहे. पाहण्याची जागा वेगळी आणि खेळण्याची जागा वेगळी. हजारो प्रेक्षकांची, दिव्यांच्या मनोऱ्यांची, तिकिटाची इमारत वस्तीच्या बाहेर रुंद रस्त्यावर असावी. रोज संध्याकाळी पोरांनी धावावे, म्हाताऱ्यांनी फिरावे असे मोकळे मैदान मात्र घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे. विरोध उठतो तो बहुतेक वेळा दुसरी जागा काढून घेऊन तेथे पहिली बांधली जाते तेव्हा. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जमीन 2024 मध्ये महापालिकेकडे आली आणि तिच्या खाली भूमिगत क्रीडासंकुलाचा बेत पुढे आला, तेव्हा रहिवाशांनी घेतलेल्या हरकतीचा गाभाही हाच होता की मोकळी जमीन मोकळी राहू द्या.

आपल्या तालुक्याला हे सर्व का सांगायचे? कारण प्रत्येक तालुक्यात क्रीडासंकुल हे शासनाचे धोरण आहे आणि 2020 च्या अर्थसंकल्पात तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींपर्यंत वाढवण्याचे जाहीर झाले. पैसा मोठा आहे, आणि मोठा पैसा गॅलरी, कमान व कोनशिलेकडे लवकर वळतो. आमच्या भागाला संकुलाची गरज नाही असे कोणी म्हणू नये. 2018 साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी मुलामुलींनी एव्हरेस्ट सर केले. गुणाची येथे कमतरता नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटरचा सराव करतात आणि शेजारून सिमेंटचे, चुनखडीचे ट्रक जातात. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. या पोरांना हवी आहे 400 मीटरची एक धावपट्टी, म्हणजे चार फेऱ्यांत त्यांचे अंतर पुरे होईल. त्यासाठी सुमारे 4 एकर सपाट जमीन, गोळाफेकीची जागा, मुलींसाठी स्वच्छतागृह, पाण्याचा नळ आणि एक प्रामाणिक चौकीदार पुरतो. जिल्ह्यातच विसापूरला, चंद्रपूर व बल्लारपूरच्या मधल्या मोकळ्या जागेत, संकुल झाले आणि डिसेंबर 2023 मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या. मोठी स्पर्धा तेथे होऊ शकते. प्रत्येक तालुक्याला तेवढीच गॅलरी बांधण्याचे कारण नाही.

म्हणून पाठिंब्याचे पत्र मागायला कोणी आले तर आपण चहा जरूर पाजावा आणि काही प्रश्न विचारावेत. वर्षातून किती दिवस सामने होणार आणि उरलेल्या दिवसांत दरवाजाची किल्ली कोणाकडे राहणार? मुलांना आत जायला फी पडणार काय? आठवडी बाजार आणि हातगाड्या ज्या जागेवर बसतात ती जाणार असेल तर त्यांना बसायला जागा कोठे? 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना हटवता येत नाही, हे विचारणाऱ्याला माहीत असावे. वीजबिल, गवत, रंगरंगोटी, चौकीदार यांचा खर्च दरवर्षी कोण देणार? बांधकामाला अनुदान मिळते, पण देखभालीला वाली नसतो, आणि पाच वर्षांत गॅलरीखाली दारूच्या बाटल्या जमतात. ध्वनिक्षेपकाचे काय? 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. शेजारी दवाखाना किंवा शाळा असेल तर 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र लागू होऊ शकते.

विरोध करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. नुसत्या घोषणांनी काम होत नाही. विकास आराखडा किंवा त्यातील बदल प्रसिद्ध झाला की हरकती नोंदवायला ठरावीक मुदत असते, साधारण एक महिन्याची. ती नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपण ती पुडी बांधायला वापरतो. मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, आणि सोबत पर्यायी जागेचा गट नंबर सुचवावा. पर्याय देणाऱ्याला विकासाचा विरोधक म्हणणे कठीण जाते.

शासनकर्त्यांनीही एक धडा घ्यावा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाचे काम सोयीसाठीच निघाले होते. पण स्तूपाला धोका पोचेल या भीतीने 1 जुलै 2024 रोजी लोक उसळले आणि त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. खोदण्याआधी लोकांना विश्वासात घेतले असते तर खड्डाही पडला नसता आणि तो बुजवण्याचा खर्चही.

आपण व्यापारी माणसे आहोत. दहा हजारांचा माल उचलताना आपण कापड बोटांत चोळून पाहतो, उजेडात धरतो, रंग जाईल काय ते विचारतो. पाच कोटींच्या इमारतीसाठी तेवढी तपासणी मोहल्ल्याने मागितली तर त्यात कोणाचा अपमान नाही. दुकानदाराने या वेळी आपल्या गिऱ्हाइकाच्या बाजूने उभे राहावे. सामना एका रात्रीत संपतो, ते गिऱ्हाईक मात्र पुढच्या लग्नसराईत पुन्हा आपल्याच गादीवर येऊन बसणार आहे.