कळकलेले ताक आणि आजीचे पितळी पातेले

दिवाळी आठ दिवसांवर आली, की गिरगावातल्या जुन्या चाळींतून अजूनही माळ्यावरची भांडी खाली उतरतात. हंडा, कळशी, घंगाळ, पितळी पातेली यांची मोरीपाशी रांग लागते आणि चिंचेचा कोळ व मीठ यांचा मारा सुरू होतो. घटकाभरात काळवंडलेले घंगाळ असे लखलखते, की जणू आताच तांबा काट्यावरून उचलून आणले आहे!

ही सारी करामत चिंचेतल्या आम्लाची. हवेतला ऑक्सिजन तांब्यापितळेवर काळपट पुट चढवतो आणि आम्ल ते पुट विरघळवते. घासताना हातावरून ओघळणारे काळे-हिरवे पाणी एकदा नीट पाहा. ते मोरीतून वाहून जाते म्हणून आपण निश्चिंत असतो. पण तीच चिंच आमटीत घालून त्याच भांड्यात रात्रभर ठेवली तर? मग विरघळलेले तांबे मोरीत न जाता आपल्या पोटात जायचे.

जुन्या बायकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांच्यापाशी एक नेमके क्रियापद होते. ‘कळकणे’! ताक कळकले, आमटी कळकली, म्हणजे उघड्या पितळेत राहून तिला धातूची चव आली. असले काही पोटात गेले, की मळमळ आणि उलट्या आल्याच. स्टीलची भांडी आली, तसा हा शब्द घरातून नाहीसा झाला. आजच्या सुनेला तो सांगावा, तर ती ‘कळकट’ म्हणजे काय ते सांगू लागेल!

या कळकण्यावरचा तोडगा म्हणजे कल्हई. कल्हईवाला चाळीच्या चौकात भाता मांडून बसला, की पोरांचा अभ्यास संपलाच. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला, की पांढऱ्या धुराचा लोट उठे. तो नवसागर धातूवरचा मळ काढी. मग कथलाची कांडी आत टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे ते लगेच पाघळे आणि कापसाच्या बोळ्याने भांडेभर पसरे. शेवटी पाण्यात बुडवताना ‘चर्र’ असा आवाज होई आणि आतून चांदीसारखे पातेले बाहेर निघे. कथील आंबटापुढे तांब्याइतक्या लवकर हार खात नाही, एवढेच त्याचे मर्म. थर मात्र अगदी पातळ. तारेच्या घासणीने तो चटकन जातो, आणि आत पिवळे डोकावू लागले, की भांडे पुन्हा उघडे पडले असे समजावे.

हे आज सांगायचे कारण असे, की पितळेची पुन्हा हौस आली आहे. आजीचे पातेले दिवाणखान्यात शोभेला ठेवावे, माझी ना नाही. पण त्यात नातवाचे दूध तापवायचे म्हणाल, तर आधी पुण्याची गोष्ट ऐका.

आपल्याकडे एके काळी तान्ह्या आणि लहान मुलांचे यकृत निकामी करणारा एक आजार होता. बहुतेक मुले त्यात दगावत. त्यांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी या मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. १९८३ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. संशय गेला तो तापवून पितळी भांड्यात ठेवलेल्या वरच्या दुधावर! दूध काही चिंचेसारखे आंबट नव्हे; पण त्यातली प्रथिने तांब्याला धरून ठेवतात. पुढे घरोघरची भांडी बदलली आणि हा आजार दुर्मिळ झाला. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातही असेच घडले होते. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने गेल्याची नोंद आहे आणि तेथेही दूध तांब्याच्या भांड्यातलेच होते. काही मुलांत जन्मतःच तशी प्रवृत्ती असावी, असेही शास्त्रज्ञ म्हणतात. पण आपले मूल त्यातले आहे की नाही, हे पातेले चुलीवर ठेवून पाहायची गोष्ट नव्हे.

तांब्याच्या बाटलीचे तेच. साधे पाणी खुशाल भरा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे जागतिक आरोग्य संघटनेला चालते. लिंबाचे सरबत, कोकम, ताक मात्र त्यात कदापि नको. कोणी हौसेने घरी द्राक्षरस आंबवत असेल, तर त्याने काच किंवा चिनी मातीची बरणीच घ्यावी.

राहता राहिले न्हाणीघरातले ॲसिड. घाईच्या वेळी काहीजणी तेच घंगाळाला लावतात. ते पितळेतले जस्त आधी खाते आणि लाल डाग मागे ठेवते. त्याहून वाईट म्हणजे फरशीवर आधीच ब्लीचिंग पावडर टाकलेली असली, तर दोन्हींतून क्लोरीनचा विषारी वायू उठतो, आणि आपली न्हाणीघरे केवढी ती सर्वांना ठाऊक आहे. नाकात झोंबले, की तडक बाहेर मोकळ्या हवेत यावे. घंगाळ मागाहून आणता येते.